टूरिंग कयाक कशी निवडायची: बसून, कलवून आणि एकदा उलटून

पहिली कयाक घेताना मी विकणाऱ्याला सरळ सांगितलं होतं, "सगळ्यात स्थिर जी असेल ती द्या." त्याने दिलीही तशीच. ७४ सेंटिमीटर रुंद, बुडाला सपाट, आत सोफ्यासारखी उंच पाठीची खुर्ची. पहिल्या पाच मिनिटांतच मी तिच्यावर खूश. मग एका दुपारी आडवा वारा सुटला. होडीचं नाक सरळ ठेवण्यासाठी दोन तास एकाच बाजूने वल्हं मारावं लागलं, आणि किनाऱ्यावर उतरलो तेव्हा उजवा खांदा वर उचलत नव्हता. रागाच्या भरात मी दुसरं टोक गाठलं: ५३ सेंटिमीटर रुंदीची, सुईसारखी लांब समुद्री कयाक. तिच्यात मी कधी पाण्याची बाटलीसुद्धा निवांत काढून प्यायलो नाही. सगळा वेळ अंग आवळून बसायचो.

तिसरी अजून माझ्याकडे आहे. पहिल्या दोन्ही वेळी चूक होडीची नव्हतीच. मी होडीची परीक्षा पहिल्या पाच मिनिटांवर घेतली, आणि टूरिंगमध्ये, म्हणजे लांबच्या सफरीत, होडी वापरली जाते ती तिसऱ्या, चौथ्या तासाला. खाली लिहिलेला क्रम त्या हिशोबाने लावला आहे. शक्यतो तो मोडू नका, विशेषतः रंग बघून.

१. होडीच्या आधी स्वतःला मोजा

ग्रीनलंडमधले इनुइट शिकारी कयाक अंगाच्या मापाने बांधत. एक प्रचलित माप असं सांगतात: लांबी सुमारे तीन वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर), रुंदी म्हणजे कमरेखालच्या रुंदीत दोन मुठी मिळवून. आपण तयार होडी घेतो, पण मुद्दा तोच. कपड्यासारखी ती अंगावर बसली पाहिजे.

घरी बसून एवढं कागदावर उतरवा:

- उंची, आणि वजन (कपड्यांसकट)
- बसल्यावर नितंबांची रुंदी: भिंतीला टेकून बसा, दोन्ही बाजूंना जाड पुस्तकं उभी करून मधलं अंतर मोजा
- जी पादत्राणं घालून पाण्यात जाणार त्यांची लांबी
- जमिनीवर पाय पसरून, पाठ ताठ ठेवून बसल्यावर गुडघे किती वर येतात (आखडलेल्या माणसाचे बरेच येतात, आणि कयाकमध्ये नेमका हाच प्रश्न छळतो)
- बरोबर नेणार त्या सामानाचं वजन: एका दिवसाला ५ ते ८ किलो, तंबू टाकून राहणार असाल तर २० ते ३०
- एकट्याने किती किलो उचलून खांद्यावर घेता येतं
- होडी ठेवायच्या जागेची लांबी

शेवटच्या दोन ओळी लोक विसरतात. पाच मीटरची होडी कोपऱ्यावर वळत नाही म्हणून ती जिन्याखालीच कायमची राहिल्याचं मी पाहिलं आहे.

आता भारक्षमता. माहितीपत्रकात "कमाल भार १५० किलो" लिहिलं असेल तर तेवढा भार घालून ती बुडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्या. वागायला बरी राहील असा भार साधारण दोन तृतीयांश धरावा, म्हणजे १०० किलो. तुम्ही ७५ किलोचे, कपडे नि लाइफ जॅकेट मिळून ५, सामान २० म्हटलं की हिशोब तिथेच संपला.

उलटा सापळाही आहे. ५५ किलोच्या माणसाने "सामानाला जागा हवी" म्हणून मोठ्या पोटाची होडी घेतली, तर ती पाण्यात पुरेशी बसतच नाही. बुचासारखी वर तरंगते. वारा तिला ढकलतो, आणि पाण्याला टेकणारा भाग अरुंद झाल्याने ती जास्त डुगडुगते. बरेच उत्पादक एकच आराखडा लहान, मध्यम आणि मोठ्या घनफळात काढतात. हलक्या अंगाच्या लोकांनी लहान घनफळाची मागायला संकोचू नये.

२. कोणत्या जातीची होडी बघतो आहोत ते ओळखा

विक्रीच्या फलकावर "टूरिंग" हा शब्द फार सैलपणे लावतात. ढोबळ मानाने असं धरा:

- मौजेची कयाक: ९ ते १२ फूट, रुंदी ६६ ते ७६ सेंटिमीटर, आत बसायचं तोंड (कॉकपिट) मोठं. तळ्यात तास-दोन तासांसाठी छान.
- टूरिंग: १२ ते १५ फूट, ५६ ते ६४ सेंटिमीटर. दिवसभराची सफर, एखादी रात्र.
- समुद्री: १५ ते १८ फूट, ५१ ते ५८ सेंटिमीटर. लाटा, लांब पल्ला, बऱ्याच दिवसांचं सामान.

सीमारेषा सरमिसळ आहेत. म्हणून मी नाव सोडून एकच गोष्ट आधी बघतो: बल्कहेड. कॉकपिटच्या पुढे आणि मागे पाणी अडवणारी भिंत असते ती. टूरिंगसाठी दोन्ही हव्यात. फक्त मागे एकच भिंत असलेली होडी उलटली की पुढचा सगळा भाग पाण्याने भरतो, नाक खाली जातं, आणि खोल पाण्यात तिला रिकामी करून परत आत बसणं जवळपास अशक्य होतं. टॉर्च घ्या, कॉकपिटमध्ये डोकं घालून पावलांच्या पुढे भिंत आहे का बघा. नसेल तर त्या जागेत हवेच्या पिशव्या बसवाव्या लागतील. ते जमतं, पण मग सामान कुठे ठेवणार?

वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप, पडल्यावर परत चढायला सोपी. पण तिच्यात तुम्ही जास्त उंचीवर बसता, म्हणून तेवढीच स्थिरता मिळवायला तिला रुंद करावं लागतं, आणि रुंद म्हटलं की कष्ट आले. हवा भरायची घ्यायची तर तळ ताठ राहील इतका दाब सहन करणारीच घ्या. मऊ तळाची मधोमध वाकते आणि वाऱ्यात पानासारखी फिरते. घडीची, सांगाडा जोडून वर आवरण चढवायची कयाक मात्र लेचीपेची समजू नका. जर्मन डॉक्टर हान्नेस लिंडेमान यांनी १९५६ साली क्लेपर कंपनीच्या घडीच्या कयाकमधून, शिडाची मदत घेत, ७२ दिवसांत अटलांटिक पार केला. वाटेत ते उलटलेही. जागेची अडचण असलेल्यांनी हा पर्याय जरूर बघावा.

३. "स्थिर" या शब्दाचे दोन अर्थ

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश.

होडीत बसल्या बसल्या ती किती हलते, ही प्राथमिक स्थिरता. सपाट आणि रुंद तळाला ती भरपूर असते. होडी बऱ्यापैकी कलली की ती "बस, आता इथे टेक" म्हणते की सरळ पलटी मारते, ही दुय्यम स्थिरता. ती बाजूंच्या आकारातून येते: बाजू वर जाताना बाहेर पसरत असतील तर होडी कलल्यावर पाण्यात जास्त रुंदी उतरते आणि आधार वाढतो.

सपाट बूड संथ पाण्यात पाटावर बसल्यासारखं वाटतं. पण ते पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहायला बघतं. पाणी सपाट असेल तोवर उत्तम. बाजूने लाट आली की पृष्ठभागच तिरका होतो आणि होडी इमानाने त्याच्याबरोबर तिरकी होते. हलक्या V आकाराची किंवा गोलसर तळाची होडी आधी थोडी हलते, पण लाट तिच्या बुडाखालून निघून जाते, कारण तुम्ही कमरेतून तिला सरळ ठेवू शकता. म्हणून संथ पाण्यात नवख्याला भीती घालणारी होडी खवळलेल्या पाण्यात जास्त भरवशाची ठरू शकते. मला हे पटायला दोन होड्या लागल्या.

आता रुंदीचा हिशोब, कारण एकेका सेंटिमीटरला इथे वजन आहे. तळाच्या आकारातून कलण्याला जो विरोध मिळतो तो साधारण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६० ऐवजी ६६ सेंटिमीटर, म्हणजे रुंदी फक्त १० टक्के जास्त, पण विरोध सुमारे ३३ टक्के जास्त. त्यामुळे "थोडी रुंद घेऊ या" हे थोडं नसतं. आणि त्याची किंमत खांदे मोजतात: वल्हं पाण्यात घालायला हात बाहेर लांबवावे लागतात, बोटांची पेरं काठावर घासतात, प्रत्येक फटक्याला नाक थोडं वळतं.

माहितीपत्रकातली रुंदी ही सर्वांत रुंद जागेची असते. ती कधी कधी पाण्याच्या रेषेच्या बरीच वर असते. सारख्याच आकड्याच्या दोन होड्या म्हणून अगदी वेगळ्या वागतात. आकड्यावर भांडू नका, तळ समोरून बघा. होडीच्या टोकाशी उभे राहा, एक डोळा मिटा, आणि मधला छेद कसा असेल याचा अंदाज घ्या: ताटासारखा, वाटीसारखा, की उथळ V? तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कड टोकदार असेल तर कलवल्यावर ती जागा स्पष्ट जाणवते; गोल असेल तर कलणं गुळगुळीत होतं. दोन्ही चांगलं. आवडीचा प्रश्न.

बसण्याची उंची मात्र आवडीवर सोडू नका. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य पोटाच्या पातळीवर येतो आणि कयाकचा सगळा तोल काही सेंटिमीटरांच्या फरकावर तोललेला असतो. दोन-तीन सेंटिमीटर जाड गादी घातली की आधी शांत वाटणारी होडी अवखळ होते. "उंच, आरामदायी सीट" असं कौतुकाने लिहिलेलं असेल तिथे थांबून विचारा, किती उंच? उलट, डुगडुगणारी होडी घरी आणलीच असेल तर विकण्याआधी सीट थोडी खाली बसवता येते का बघा. बुडाशी सामान भरल्यावरही ती निवळते. रिकामी होडी चाचणीत हलली म्हणून लगेच बाद करू नका. दहा लिटर पाण्याच्या कॅनची जोडी हॅचमध्ये, म्हणजे सामानाच्या झाकणबंद कप्प्यात, ठेवून पुन्हा बसा.

नवख्यासाठी माझी शिफारस विचाराल तर: १४ ते १५.५ फूट, ५८ ते ६२ सेंटिमीटर, उथळ V किंवा गोलसर तळ, बाजू किंचित बाहेर पसरलेल्या. बांधा मोठा असेल तर ६४ पर्यंत जा. पहिल्या दिवशी ती थोडी हलली पाहिजे. साताठ सफरींत ते हलणं जाणवेनासं होतं. रुंद होडीचं जडपण मात्र कधीच जात नाही.

४. लांबी, वारा आणि मागचं पातं

लांब होडी वेगवान, हे खरं, पण तो वेग आपल्याला लागतो का? पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणा. होडी सहज गाठू शकेल त्या वेगाची नॉटमधली ढोबळ मर्यादा मिळते. १२ फुटांना ४.६ नॉट, १६ फुटांना ५.४. आपण सफरीत चालतो तीन नॉटच्या आसपास, तासाला साडेपाच किलोमीटर. दोघींच्या मर्यादेच्या बरंच खाली. म्हणून वेगासाठी लांबी घेऊ नका. लांबी घ्यायची ती सरळ चालण्यासाठी आणि सामानासाठी.

बाजूने बघितल्यावर तळ केळ्यासारखा वाकलेला दिसतो, त्याला रॉकर म्हणतात. जास्त रॉकर म्हणजे पटकन वळणारी, कमी म्हणजे रेघेत चालणारी. टूरिंगला कमी ते मध्यम.

वाऱ्याचं मात्र नीट समजून घ्या. होडी पुढे जात असताना नाक पाण्यात रुतल्यासारखं घट्ट असतं आणि शेपूट तुलनेने सैल. आडवा वारा शेपटाला ढकलतो, आणि नाक आपोआप वाऱ्याच्या दिशेला वळतं. माझा खांदा गेला तो यामुळे. यावर दोन उपाय आहेत. स्केग म्हणजे मागे खाली सरकवायचं न फिरणारं पातं. ते शेपूट धरून ठेवतं, कमी-जास्त सोडून तोल साधता येतो. रडर म्हणजे पायाने फिरवायचं सुकाणू. साधेपणासाठी मला स्केग आवडतं. रडर घेतलंत तर पावलं टेकवायच्या पट्ट्या बघा: काही रचनांत पूर्ण पेडल मागेपुढे सरकतं आणि पायाला ठाम आधारच उरत नाही. फक्त बोटांकडचा भाग हलणारी रचना मागा. आणि दोन्हींशिवाय होडी कशी चालते हे चाचणीत आधी बघा. वाळूचा एक खडा अडकला की स्केग जाम होतं, तेव्हा तुम्हाला त्यावाचूनच परतायचं असतं.

५. आरामाची परीक्षा: जमिनीवर अर्धा तास

आराम म्हणजे गादी नव्हे. आराम म्हणजे पाच जागी टेकलेलं अंग: पावलं, मांड्या, नितंबांच्या बाजू, बूड, कंबर. हे पाच धरले गेले तर होडी तुमच्या हालचालीला उत्तर देते आणि स्नायू सैल सोडता येतात.

दुकानात गवतावर किंवा सतरंजीवर होडी ठेवायला सांगा. पाण्यात घालायचे कपडे, पादत्राणं आणि लाइफ जॅकेट घालूनच बसा. जॅकेटशिवाय छान वाटणारी उंच पाठ जॅकेट घातल्यावर त्याला वर ढकलते आणि ते कानाशी येतं. मग पुढच्या गोष्टी एकेक करून बघा.

पावलांचे आधार असे लावा की गुडघे थोडे वाकून बाहेरच्या बाजूला पसरतील आणि मांड्या वरच्या कडेखाली सहज टेकतील. पाय ताठ सरळ राहिले तर मांडीमागचे स्नायू कंबर मागे ओढतात आणि तासाभरात पाठ धरते. टाचा आत, बोटं बाहेर. पावलांवरचा डेक, म्हणजे होडीचं वरचं छत, किती उंच आहे हे मोठ्या पायांच्या लोकांनी आवर्जून तपासा. बुटाची टोकं वाकडी करून बसावं लागत असेल तर ती होडी तुमची नाही. आधार सरकवत सरकवत शेवटच्या खाचेवर आले असतील तरीही नाही.

सीटच्या पुढच्या कडेखाली बोटं घाला. कड मांडीत रुतत असेल तर पाय बधिर होणार, शंभर टक्के. मांडीखाली थोडा चढ हवा, म्हणजे वजन फक्त बुडाच्या हाडांवर येत नाही. मुंग्या यायला लागतात त्या विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला. विकणारा तोपर्यंत कंटाळतो. कंटाळू द्या.

कमरेचा पट्टा नितंबांच्या जरा वर, पाठीच्या तळाशी बसावा. खांद्यापर्यंत येणारी पाठ घरच्या खुर्चीला ठीक. कयाकमध्ये ती धड फिरवू देत नाही, आणि वल्हवायची ताकद येते ती धड फिरवण्यातूनच. शिवाय ती स्प्रे स्कर्टच्या (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेपासून कॉकपिटच्या काठावर ताणायचं आवरण) आड येते, पाण्यातून परत आत शिरताना पोटाला अडते. नितंबांच्या दोन्ही बाजूंना हाताचा तळवा सरकेल एवढी जागा पुरे. मूठ जात असेल तर फोमच्या पट्ट्या लावून भरता येईल. तळवाही जात नसेल तर काही करता येणार नाही.

शेवटी तोंड. कॉकपिट इतकं मोठं असावं की आधी बूड टेकवून मग एकेक गुडघा बाहेर काढता येईल. ८० सेंटिमीटरच्या आसपास लांबीचं, पुढे निमुळतं तोंड बहुतेकांना चालतं. लांब पायांच्या माणसाने जास्त बघावं. फार मोठं तोंड मात्र नको, त्यावर ताणलेला स्कर्ट लाटेच्या वजनाने आत कोसळतो. बाहेर पडायला घाबरल्यासारखं वाटत असेल तर ते मनात ठेवू नका. कोंडल्याची भावना घेऊन कोणी सैल बसू शकत नाही, आणि आखडलेलं अंग होडीला आणखी हलवतं.

६. साहित्य आणि वजन

पॉलिथिलिनची सर्वांत दणकट आणि स्वस्त, दगडावर घासली तरी ओरखड्यावर निभावते. १४ फुटांची साधारण २३ ते २७ किलो भरते. उन्हात पट्टे करकचून आवळून ठेवली की बुडाला खळगा पडतो. फायबरग्लासची ताठ, पाण्यात सुळकन जाणारी, दुरुस्तीला सोपी, पण आपटून चालत नाही. केवलार आणि कार्बनच्या हलक्या, आणि किंमत वजनाच्या उलट दिशेने जाते. मधला पर्याय म्हणजे तापवून साच्यावर ओढलेलं एबीएस प्लास्टिक: चकचकीत, थोडं हलकं, जोरदार धक्क्याला पॉलिथिलिनपेक्षा नाजूक.

पहिली होडी पॉलिथिलिनची घ्यावी असं माझं मत. किनाऱ्याला ती आपटणारच आहे. पण विकत घेण्याआधी एकट्याने उचलून पन्नास पावलं चाला आणि गाडीच्या टपापर्यंत चढवून बघा. जी चढवणं जिवावर येतं ती होडी महिन्यातून एकदाच पाणी बघते.

७. पाण्यावरची चाचणी

चाचणीशिवाय टूरिंग कयाक विकत घेऊ नका. भाड्याने घ्या, मित्राची मागा, विक्रेत्याला चाचणीचा दिवस विचारा. जागा उथळ, संथ, किनाऱ्याजवळची, सोबतीला जाणता माणूस, अंगावर जॅकेट. पाणी थंड असेल तर हवेचा विचार सोडा, पाण्याच्या हिशोबाने कपडे घाला. क्रम असा:

1. बसा आणि पाच मिनिटं काहीच करू नका. दोन्ही हात वल्ह्यावरून काढा. मागे वळून हॅचला हात लावा.
2. कमरेतून होडी डावी-उजवी हलवा. हळूहळू जास्त. कुठेतरी ती टेकल्यासारखी थांबते का? थांबली तर दुय्यम स्थिरता आहे.
3. सरळ रेषेत लांबवर वल्हवा, मग थांबा. किती अंतर सरळ घसरते ते बघा.
4. कलवून वळवा. बाहेरची कड पाण्यात दाबली की वळण आखूड झालं पाहिजे.
5. वारा असेल तर त्याच्या चारी बाजूंना जा. स्केग वर, मग खाली.
6. निदान एक तास आत राहा. पायाला मुंग्या आल्या का ते वहीत लिहा. नंतर आठवत नाही.
7. आता मुद्दाम उलटा.

सातवी पायरी लोक टाळतात. साथीदाराला कमरेएवढ्या पाण्यात शेजारी उभं करा. पाण्याखाली गेल्यावर पुढे वाका, स्कर्ट असेल तर त्याची पुढची दोरी ओढा, दोन्ही हात नितंबांशी टेकवून काठ ढकला, पाय आपोआप निघतात. यात काही अडलं तर ते आज कळलेलं बरं. मग होडी रिकामी करून, मागच्या डेकवर पोटावर चढून, परत आत शिरून बघा. परत शिरताना होडी किती साथ देते, हा स्थिरतेचा मला माहीत असलेला सर्वांत प्रामाणिक निकष आहे. डेकवर चारी बाजूंनी धरायची दोरी हवी, हे तेव्हा न सांगता पटतं.

चाचणीला नेण्याची पिशवी: मोजपट्टी, टॉर्च, वही, कोरडे कपडे, उपसायचा पंप किंवा स्पंज, पाण्याचे दोन कॅन, चिकटपट्टी आणि फोमचे दोन-तीन तुकडे. एका तुकड्याने फिटिंग सुधारतं का हे जागेवरच कळतं.

८. जुनी घेत असाल तर

जुनी घेण्यात काही वाईट नाही. माझी तिसरी जुनीच आहे. होडी उलटी ठेवून टोकाकडून तळाची रेघ बघा, वाकडी असेल तर सोडा. मागच्या टोकाचा तळ किनाऱ्यावर ओढून झिजलेला असतो, तिथे अंगठ्याने दाबा. प्लास्टिक पांढुरकं, कोरडं, खडूसारखं लागत असेल तर उन्हाने खाल्लं आहे. फायबरग्लासवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुधा वरच्या थराच्या असतात, पण त्याच जागी आतून हात फिरवून मऊ लागतंय का बघा.

हॅचमध्ये बादलीभर पाणी ओता, होडी कलवा, कॉकपिटमध्ये झिरपतंय का बघा. झिरपणं सीलंटने बंद होतं, भाव कमी करायला कारण मिळतं. रबरी झाकणं चिरली असतील तर त्या मापाची नवी मिळतात का हे आधी विचारा. पावलांचे आधार मिठाने जाम झालेले असतात, स्केगची तार मुडपलेली असते. दोन्ही स्वतः सरकवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पावती, मूळ मालकाचं नाव आणि होडीवर कोरलेला क्रमांक जुळवून घ्या. नोंदणीचे नियम जिथे वल्हवणार तिथले तपासा.

९. वल्हं आणि जॅकेटसाठी पैसे राखून ठेवा

सगळं होडीत घालून उरलेल्या पैशांत जड वल्हं घेऊ नका. तासाभरात ते हजारापेक्षा जास्त वेळा उचललं जातं. शंभर ग्रॅमचा फरक मनगटाला कळतो. ५८ ते ६२ सेंटिमीटर रुंद होडीला २१० ते २२० सेंटिमीटर लांबी बहुतेकांना पुरते, रुंद होडीला २३० पर्यंत. वल्हवण्यासाठीच बनवलेलं, खांदे मोकळे सोडणारं, पाठीला पातळ जॅकेट घ्या. जे घालायला त्रासदायक ते डेकवर बांधलेलं राहतं. स्कर्ट तुमच्या कॉकपिटच्या मापाचा हवा आणि तो स्वतःच्या हाताने सोडता आला पाहिजे.

१०. पहिले पंधरा दिवस

होडी घरी आली की लगेच लांब जाऊ नका. जवळच्या जवळ तीन-चार फेऱ्या मारा आणि दरवेळी एकच गोष्ट बदला. एकदम सगळं हलवलं तर पाठ कशाने दुखायची थांबली ते कळत नाही. पावलांचे आधार एक खाच पुढे-मागे, मग कमरेचा पट्टा, मग नितंबांशी फोम. फोम आधी चिकटपट्टीने लावा, दोन सफरी झाल्या की डिंकाने. कापताना जाड ठेवा. कमी करता येतो, वाढवता येत नाही.

सगळं जमलं त्या दिवशी कमरेच्या पट्ट्यावर पक्क्या शाईने रेघ मारून ठेवा आणि पावलांच्या आधाराच्या खाचा मोजून डेकच्या आतल्या बाजूला लिहा. माझ्या होडीत तिथे "डावा ६, उजवा ७" असं लिहिलं आहे. माझा उजवा पाय थोडा लांब आहे, हे मला त्या होडीमुळे कळलं.